मैदान वाचायचं कसं? आझाद मैदान, पोलोचे घोडे आणि ‘मोकळी जागा’ नावाचा प्रश्न

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्या बहुतेकांची वही एका विषयाने सुरू होते. ‘मुंबईतील मैदानांचा इतिहास’, ‘गिरणगावातील खेळ’, ‘महाराष्ट्रातील क्रिकेटची वाटचाल’. विषय चांगलेच आहेत, पण त्यात प्रश्न नाही. मग मुलाखतीत समोरून विचारलं जातं, “हे सगळं ठीक आहे, पण तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?” आणि आपण पुन्हा विषयाचंच नाव सांगतो.

म्हणून आजच्या लेखात एकच मैदान घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा निघतो ते पाहू. मैदान तुमच्या ओळखीचं आहे. सीएसएमटीला उतरून चर्चगेटकडे चालत जाणारा प्रत्येक मुंबईकर ते ओलांडतो. आझाद मैदान. तुम्ही परीक्षेच्या अर्जासाठी, विद्यापीठाच्या फोर्टमधल्या कार्यालयासाठी किंवा एखाद्या मोर्चासाठी तिथे गेलेलाच असाल. आता इतिहासाचे विद्यार्थी म्हणून पुन्हा एकदा जा. शक्यतो रविवारी सकाळी जा, म्हणजे मैदान भरलेलं असेल.

आधी डोळे, मग कागद

तिथे पोहोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती गर्दी. वीसहून अधिक खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगच्या शेजारी उभा असतो. चेंडू येतो, कोणाचा ते ओरडून विचारलं जातं, आणि परत फेकला जातो. कडेने क्लबांचे तंबू आहेत. याच मैदानावर फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. इथेच २०१३मध्ये पृथ्वी शॉने शालेय सामन्यात ५४६ धावा काढल्या. १९४८पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगचे सामनेही इथल्या चिखलात खेळले गेले. हे सगळं तुम्हाला माहीत असतं, कारण वर्तमानपत्रं ते दर वर्षी सांगतात.

आता मैदानाच्या दक्षिण टोकाला जा. तिथे कुंपण लागतं. कुंपणापलीकडेही मैदानच आहे, पण वेगळं. हिरवळ राखलेली, गर्दी नाही, एका बाजूला जुनी देखणी क्लबची इमारत. हा बॉम्बे जिमखाना. स्थापना १८७५. भारतातला पहिला कसोटी सामना इथेच झाला, १५ ते १८ डिसेंबर १९३३. सी. के. नायडू कर्णधार होते, समोर डग्लस जार्डिनचा इंग्लंडचा संघ होता, आणि लाला अमरनाथांनी ११८ धावा काढून भारताचं पहिलं कसोटी शतक नोंदवलं. ज्या क्लबच्या मैदानावर हे घडलं, त्या क्लबचं सदस्यत्व मात्र तेव्हा भारतीयांना मिळत नव्हतं.

आता तिथेच दोन मिनिटं थांबून दोन्हीकडे बघा. अलीकडे एका तुकड्यात वीस सामने. पलीकडे एक राखलेलं पटांगण. दोन्ही एकाच जमिनीचे भाग. मग हे कुंपण कोणी घातलं, कधी, आणि कोणत्या हक्काने?

बघा, ‘आझाद मैदानाचा इतिहास’ हा विषय होता. आता तुमच्या हातात प्रश्न आला.

ही जागा मोकळी राहिलीच कशी?

मैदानाबद्दल आपली एक भाबडी समजूत असते. शहर वाढत गेलं, इमारती झाल्या, आणि जी जागा उरली ती मैदान. मुंबईच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे.

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे आज चार वेगळे तुकडे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा नकाशा काढलात तर तिथे एकच मोठा पट्टा दिसेल: एस्प्लनेड. तो किल्ल्याच्या तटबंदीबाहेर होता आणि लष्करी कारणासाठी मोकळा ठेवलेला होता. शत्रू चालून आला तर तटावरच्या तोफांना समोरचं स्पष्ट दिसलं पाहिजे, आडोशाला घरं-झाडं नकोत. शत्रू कोण, हेही ऐकण्यासारखं आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांचे धाबे दणाणले. शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढून तटाबाहेर खंदक खणायला मदत केली. पुढे १८०३मध्ये फोर्टात मोठी आग लागली, आणि त्यानंतर तटासमोरचा हा मोकळा पट्टा ८०० यार्डांपर्यंत वाढवण्यात आला. तिथली घरं हलली. लोक उत्तरेला, पट्ट्याच्या पलीकडे जाऊन वसले.

म्हणजे ही जागा ‘उरलेली’ नाही. ती हुकूम काढून, घरं हलवून मोकळी केलेली आहे. रिकामं ठेवण्यासाठीही सत्ता लागते. आणि ती सत्ता त्या रिकाम्या जागेत कशी वापरली जाई, याचीही खूण मैदानावर आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोन शिपायांना याच एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं गेलं.

१८६०च्या दशकात तटबंदी पाडली. (गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३मधलं आहे. या बदलाच्या ऐन काळातलं मराठी पुस्तक म्हणून ते तुमच्या टेबलावर असायलाच हवं.) तट गेला, तसं एस्प्लनेड मोकळं ठेवण्याचं लष्करी कारणही गेलं. आता ही जागा कोणाची आणि कशासाठी, हा प्रश्न उघडा पडला.

युरोपियन पोलो, नेटिव्ह क्रिकेट

त्याआधीच तिथे मुलं खेळत होती. १८४८मध्ये पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८६६मध्ये हिंदू तरुणांचा बॉम्बे युनियन आला. मग एकापाठोपाठ एक क्लब निघाले. त्यांची नावं मोठी बोलकी आहेत: गौड सारस्वत, क्षत्रिय, गुजराती युनियन, मराठा, तेलुगू यंग क्रिकेटर्स. जात, भाषा, प्रांत असं सगळं क्लबच्या पाटीवर. गिरगाव, धोबीतलाव, काळबादेवीच्या दाटीतून निघून ही पोरं मैदानावर येत, कारण त्यांच्या घराजवळ दुसरी जागाच नव्हती.

बॉम्बे जिमखान्याकडे कुंपणातली स्वतःची जागा होती आणि तिथे नेटिव्हांना खेळायला मनाई होती. पण जिमखान्याच्या काही सदस्यांना पोलो खेळायचा होता. घोडे आपल्याच हिरवळीवर कोण सोडणार? ते कुंपणाबाहेर, या पोरांच्या मैदानावर सोडले गेले. पोलो आठवड्यातून दोनच दिवस होई. पण टापांनी उखडलेल्या जमिनीवर उरलेल्या दिवसांत क्रिकेट कसं खेळणार? चेंडू कुठून कसा उडेल याचा भरवसा नाही.

१८८१मध्ये शेकडो क्रिकेटपटूंनी सह्या करून गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो. त्यांना दुसऱ्या जागा आहेत, आम्हाला हीच एक. पुढारपण पारशांचं होतं, पण सह्यांमध्ये हिंदू आणि मुसलमानही होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सरकारने पोलो कूपरेजला हलवायला सांगितलं. मैदानावर आनंदीआनंद झाला. पण तो फार टिकला नाही. जिमखान्याने आपलं वजन वापरलं आणि घोडे परत आले. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज, पुन्हा नकार, असं हे प्रकरण वर्षानुवर्षं चाललं.

या भांडणाची हकीकत आपल्याला मुख्यतः एका पुस्तकामुळे कळते. शापूरजी सोराबजी यांनी १८९७मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला. पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचं नावच त्यांनी ‘युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट’ अशा अर्थाचं ठेवलं.

आता या नावापाशी जरा थांबा, कारण इथे खरी गंमत आहे. पोलो मूळचा कुठला? इंग्रजांनी तो शिकला मणिपूर-कछारकडच्या लोकांकडून. सिलचरला त्यांनी पोलोचा क्लब काढला तो १८५९मध्ये. ‘पोलो’ हा शब्दही बाल्टी भाषेतल्या चेंडूवाचक शब्दावरून आलाय. आणि क्रिकेट? ते तर अस्सल इंग्लंडचं. म्हणजे जन्माच्या दाखल्याने पाहिलं तर पोलो ‘नेटिव्ह’ आणि क्रिकेट ‘युरोपियन’ ठरायला हवं होतं. मुंबईच्या मैदानावर ते बरोबर उलटं झालं. खेळ कुठून आला याला तिथे काही किंमत नव्हती. तो खेळायला घोडा लागतो की नुसती फळी-चेंडू, आणि खेळणाऱ्याचं म्हणणं सचिवालयात ऐकलं जातं की नाही, यावर ‘नेटिव्ह’ आणि ‘युरोपियन’ ठरत होतं. (‘जिमखाना’ हा शब्दही ‘गेंदखाना’वरून आला असावा, असं हॉब्सन-जॉब्सन कोश सांगतो. म्हणजे नेटिव्हांना बाहेर ठेवणाऱ्या क्लबचं नावही इथलंच!)

क्रिकेट भारतीयांनी ‘अनुकरण’ म्हणून घेतलं, हे वाक्य आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. या भांडणाकडे पाहिलं की दुसरी बाजू दिसते. त्या पोरांनी क्रिकेटच्या निमित्ताने सरकारकडे जमिनीचा हक्क मागितला. राष्ट्रीय सभेची स्थापना व्हायच्या चार वर्षं आधी. सह्या गोळा करणं, मजकूर ठरवणं, वर्तमानपत्रातून बाजू मांडणं, नकार आला की पुन्हा लिहिणं, हे सगळं राजकारणाचं शिक्षण मैदानावर चाललं होतं.

साक्षीदार की पक्षकार?

इथे आराखडा लिहिणाऱ्यांनी सावध व्हायचं. शापूरजींचं पुस्तक वाचताना आपण नकळत त्यांच्या बाजूला जाऊन बसतो. बाजू न्याय्यच आहे, त्यात वाद नाही. पण लेखक या भांडणातला एक पक्ष आहे, आणि तो लिहितोय अर्जानंतर सोळा वर्षांनी. तोवर पारशी संघाने १८९०मध्ये व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवलेलं होतं, पारशी क्रिकेटचा दबदबा झालेला होता. अशा वेळी मागे वळून लिहिताना संघर्षाचा नायक कोण ठरतो, ते उघड आहे. चार वर्षांनी, १९०१मध्ये, मेहेलाशा पावरींनीही पारशी क्रिकेटवर पुस्तक लिहिलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कोणती गोष्ट एकात पानं भरून आहे आणि दुसऱ्यात ओळभर, ते टिपत जा.

मग दुसरी बाजू शोधायची. सरकारी पत्रव्यवहारासाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. मैदानापासून चालत पंधरा मिनिटं. पारशी कागदांसाठी फोर्टातलं कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट. जुन्या मराठी पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. शिवाय ‘रास्त गोफ्तार’सारखी गुजराती पत्रं आहेत, म्हणजे गुजराती वाचता येत नसेल तर शिकायची तयारी ठेवा. मुंबईचा इतिहास एका भाषेत मावत नाही. रामचंद्र गुहांचं २००२मधलं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ या विषयावरचं अत्यावश्यक पुस्तक आहे, पण ते वाचून थांबू नका. त्यात जे उत्तर मिळालंय ते घ्या, आणि त्यांनी न विचारलेला प्रश्न शोधा. आराखड्यात ‘संशोधनातील उणीव’ नावाचा जो रकाना असतो, तो असाच भरायचा असतो.

तोडगा निघाला, आणि फाळणीही

भांडण मिटलं कसं? सरकारने पोलो कायमचा हलवून मैदान सगळ्यांना मोकळं करण्याऐवजी दुसरा मार्ग काढला. १८८७मध्ये पारशी जिमखान्याला केनेडी सी फेसवर वेगळी जमीन दिली. मग मुसलमानांनी मागितली, हिंदूंनी मागितली. लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, १८९०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात, इस्लाम जिमखाना आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना उभे राहिले.

हे पाहायला मरीन लाइन्स स्टेशनबाहेर जा. आज समोर मरीन ड्राइव्हचा रस्ता आहे, पण तो नंतर भराव घालून झाला. तेव्हा हे जिमखाने थेट समुद्रकाठी होते. एका ओळीत चालत जा आणि पाट्या वाचा: पारशी, इस्लाम, हिंदू. प्रत्येकाचं आपलं मैदान, आपलं कुंपण, आपला दरवाजा.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. १८८१च्या अर्जावर तिन्ही समाजांच्या सह्या एकत्र होत्या. मागणी ‘आम्हा सर्वांना हे सामाईक मैदान’ अशी होती. उत्तर आलं ते ‘प्रत्येकाला आपापलं मैदान’ असं. मागणी मान्य झाली असं दिसतं, पण तिचा अर्थ बदलून मान्य झाली.

यातून घाईने निष्कर्ष काढू नका. ‘इंग्रजांनी क्रिकेट धर्मावर वाटलं’ असं एका वाक्यात लिहिलंत, तर परीक्षक लगेच त्या क्लबांच्या पाट्या दाखवतील: गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा. ही विभागणी जमिनीच्या वाटपाआधीच होती. बरोबर. पण क्लब म्हणजे एक तंबू आणि किटची पेटी, तो मोडतो, दुसऱ्यात मिसळतो. जमिनीचा भाडेपट्टा मोडत नाही. वाटपाने विभागणी जन्माला घातली नसेल, पण तिला पक्का पत्ता दिला. पुढे सामनेही त्याच रेषांवर झाले. युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७पासून हिंदू धरून तिरंगी, १९१२पासून मुसलमान धरून चौरंगी, १९३७पासून पंचरंगी. डिसेंबर १९४०मध्ये महात्मा गांधींनी या सामन्यांना आपला विरोध जाहीर केला, आणि १९४६मध्ये ती स्पर्धा कायमची बंद झाली.

ज्यांची सही नाही

कोणताही अर्ज वाचताना दोन याद्या करायच्या. सही करणाऱ्यांची, आणि सही करू न शकलेल्यांची. दुसरी यादी कागदावर नसते, ती तुम्हाला बांधावी लागते.

मैदान सपाट कोण करत होतं? पाणी कोण मारत होतं? तंबू कोण ठोकत होतं? बायका कुठे होत्या? १८८१च्या कागदांतून यांच्यापर्यंत पोहोचणं अवघड आहे. पण एक माणूस कुंपणाच्या त्या बाजूने या बाजूला आला, आणि त्याच्यामुळे थोडा उजेड पडतो. पळवणकर बाळू. चांभार कुटुंबातला मुलगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला, लोटायला आणि सरावाची जाळी लावायला महिना चार रुपयांवर होता. तिथे जे. जी. ग्रेगसारख्या फलंदाजांना जाळीत चेंडू टाकता टाकता तो देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्यातल्या हिंदू क्लबने त्याला संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. एकाच मैदानावर चेंडू सामाईक आणि कप वेगळा.

मुंबईत तो रेल्वेत लागला आणि हिंदूंकडून खेळला. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही होते. सामना कुठे झाला? बॉम्बे जिमखान्यावर. म्हणजे कुंपणाच्या आत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. तरीही हिंदूंचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३मध्ये मिळालं.

‘युरोपियन विरुद्ध नेटिव्ह’ ही चौकट घेऊन मैदानावर गेलात तर बाळूची अर्धीच गोष्ट दिसते. बाहेरचं कुंपण लोखंडाचं होतं, आतलं कुंपण मातीच्या कपाचं. दोन्हीकडे पाहणारा प्रश्न हवा.

मग गिरणगावात काय झालं?

इतका वेळ आपण एकोणिसाव्या शतकात होतो. पण आराखड्यात ‘विषयाचे समकालीन महत्त्व’ असाही एक रकाना असतो, आणि तिथे बहुतेक जण दोन गोड वाक्यं लिहून मोकळे होतात. तसं करायची गरज नाही. हाच प्रश्न घेऊन सीएसएमटीहून गाडीत बसा आणि करी रोड किंवा परळला उतरा.

लालबाग-परळ भागात मैदान म्हणजे नुसता खेळ कधीच नव्हता. परळचं कामगार मैदान हे नावच पाहा. इथल्या मैदानांवर कबड्डीचे सामने, गणपती आणि संपाच्या सभा एकाच मातीत झाल्या. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराला पाय पसरायला जागा होती ती बाहेर. कबड्डी इथे का रुजली, त्याचं एक उत्तर जमिनीतच आहे. तिला हिरवळ लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि जागा लागते ती एका चाळीच्या चौकाएवढी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मोडला, गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि मुंबईच्या मध्यभागी ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन प्रश्न होऊन उभी राहिली. १८६०च्या दशकात तट पाडल्यावर एस्प्लनेडचं झालं होतं तसंच. जुनं कारण संपलं, आता जागा कोणाची?

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ने उत्तर दिलं. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. साधा भागाकार केला तर सगळ्या गिरण्या मिळून महापालिकेच्या वाट्याला २०० एकरांच्या जवळपास जमीन. शिवाजी पार्कचं अख्खं मैदान साधारण २८ एकरांचं आहे, म्हणजे अशी सात मैदानं. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडाही सुचवला.

२००१मध्ये नियम बदलला. वाटणी तीन भागांचीच राहिली, पण ती आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. ज्या जमिनीवर शेड आणि इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून बाहेर, अगदी पुढे त्या पाडल्या तरी. आणि गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते कितीशी? कारखानाच तो. वाटा कागदावर तेवढाच राहिला, प्रत्यक्षात चिमूटभर झाला. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवादी संस्थेच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम झाला.

एका शब्दाचा अर्थ बदलला आणि होऊ शकली असती ती मैदानं झाली नाहीत. ती जागा तुम्ही आज लोअर परळला उतरलात की पाहता. काचेचे मनोरे, मॉल, आणि आत तिकीट काढून खेळायची बोलिंग अ‍ॅली.

आता १८८१ आणि २००१ शेजारी ठेवा. १८८१मध्ये ‘सर्वांसाठी मोकळं’ या शब्दांत घोडे बसतात का, हा वाद होता. २००१मध्ये ‘मोकळी जमीन’ या शब्दांत गिरणीची शेड बसते का, हा. दोन्ही वेळा जमीन जागच्या जागी होती, हललेली होती ती व्याख्या. आणि दोन्ही वेळा ती व्याख्या ठरली मैदानापासून लांब, फायलीत. फरक एकच. १८८१च्या पोरांना घोडे डोळ्यांसमोर दिसत होते, म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या. २००१चा बदल नियमाच्या भाषेत होता, तो परळच्या पोरांना दिसेपर्यंत मनोरे उभे राहिले होते.

तुमचं-माझं काम इथे सुरू होतं. नियमाची ती भाषा वाचता येणं आणि वेळेवर वाचता येणं, हे इतिहासाच्या प्रशिक्षणातून मिळणारं कौशल्य आहे. ‘इतिहास घेऊन काय करणार?’ असं घरी कोणी विचारलं तर हे उदाहरण द्या.

जाताना सोबत काय न्याल?

आराखड्याआधी एखादं मैदान निवडा. मुंबईचंच हवं असं नाही. तुमच्या तालुक्याचं क्रीडासंकुल चालेल, साखर कारखान्याचं पटांगण चालेल, रेल्वे वसाहतीतलं इन्स्टिट्यूटचं मैदान तर फारच उत्तम. मग ही क्रमवार कामं करा.

एक, कडेकडेने पूर्ण फेरी मारा आणि सीमा काढा. कुठे भिंत, कुठे जाळी, कुठे नुसता चुना, कुठे कोणी पत्रे ठोकलेत. आझाद मैदानाचाच काही भाग मेट्रो-३च्या कामासाठी पत्र्यांआड गेला होता. आंदोलनांसाठी आखून दिलेला भाग वेगळा आहे. मार्च २०१८मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी तिथेच येऊन बसले होते.

दोन, नावं गोळा करा. कागदावरचं, पाटीवरचं आणि लोकांच्या तोंडातलं. ही तीन नावं क्वचितच जुळतात. न जुळणं हाच तुमचा पुरावा.

तीन, सातबारा, सिटी सर्व्हे किंवा भाडेपट्टा पाहा. मालक कोण, मुदत कधी संपते, अट काय. अटीतला ‘सार्वजनिक’, ‘मोकळी’, ‘क्रीडा’ यांसारखा प्रत्येक शब्द अधोरेखित करा.

चार, एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत बसा आणि कोण कधी येतं ते लिहा. पोरी कधी येतात आणि कधी निघून जातात, हे खास लिहा. मैदान झाडणाऱ्याशी बोला. त्याला सगळं माहीत असतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

पाच, एवढं झाल्यावर एका वाक्यात प्रश्न लिहा. त्या वाक्यात ‘कोणी’, ‘कोणाला’ आणि ‘कोणत्या हक्काने’ यांपैकी निदान दोन शब्द आले पाहिजेत. नुसतं ‘कसा विकास झाला’ आलं, तर पुन्हा मैदानावर जा.

शापूरजींच्या काळची ती पोरं कोण होती, त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. एवढं मात्र खरं की गिरगाव-धोबीतलावच्या त्या शेकडो जणांनी सही केली म्हणून आपल्याला त्या भांडणाचा कागद मिळाला. परळच्या मैदानांबद्दलचे कागद अजून बरेचसे लोकांच्या घरी आहेत: मंडळांच्या इतिवृत्तांत, कबड्डीच्या स्पर्धांच्या पत्रकांत, चाळ समितीच्या वह्यांत. पुनर्विकासात घर सोडताना या वह्या आधी रद्दीत जातात. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर या महिन्यातच जाऊन या.